काळ्या मातीवरचा समुद्र

बुलडाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, पण खाऱ्या पाण्याशी ओळख जुनी आहे. जानेफळहून मेहकरमार्गे निघालं की तासाभराच्या वाटेवर लोणार. उल्का आदळून बेसाल्टच्या काळ्या खडकात झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंद विवर आणि त्याच्या तळाशी खारं तळं. जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव-संग्रामपूर भागातल्या कित्येक विहिरींचं पाणी घोटभर घेतलं तरी जिभेला कळतं. या दोन खाऱ्या पाण्यांत तिसऱ्याची भर घालता येते. सोयाबीन-तुरीच्या शिवारांमध्ये वसलेल्या जानेफळमधल्या एखाद्या घरात, काचेच्या टाकीत, प्रवाळ-समुद्राचं पाणी तयार करता येतं आणि त्यात फुलपाखरू मासा पोहू शकतो. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी जवळपास ४०० किलोमीटर लांब. तरीही हे जमतं. ते का जमतं, हे समजून घेताना मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

तिन्ही पाणी खारीच. मग लोणारचं दोन घागरी पाणी आणून टाकी का भरू नये? त्याचं उत्तर विवराच्या आकारातच आहे. लोणारच्या तळ्यात पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी येतं; बाहेर जायला ओढा नाही, नदी नाही. पाण्याला एकच वाट, वर, वाफ होऊन. बेसाल्टवरून झिरपत येणारं पाणी खडकातला थोडा सोडियम, थोडा कॅल्शियम विरघळवून आणतं. तळ्यात पाणी आटत जातं तसा कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसतो, आणि सोडियमचे कार्बोनेट उरतात, वर्षानुवर्षं साठत जातात. म्हणून लोणारच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, अनेक नोंदींमध्ये १० च्याही वर सापडतो. ‘ऐन-इ-अकबरी’तही या परिसरातल्या क्षारांचा, काच आणि साबणाच्या कच्च्या मालाचा उल्लेख आहे. साबण करायला योग्य असं हे पाणी माशाच्या कल्ल्यांना किती जाळेल, ते वेगळं सांगायला नको. समुद्राचा सामू ८.१ ते ८.३ च्या दरम्यान असतो. खारपाणपट्ट्याचं पाणी आणखी वेगळं. तिथल्या गाळमातीने आपल्या मर्जीने क्षार दिलेले. प्रत्येक जमिनीचं खारेपण निराळं.

समुद्राचं मात्र तसं नाही. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज जगभरच्या महासागरांतून फिरलं आणि ठिकठिकाणचं, वेगवेगळ्या खोलींवरचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन आलं. विल्यम डिटमार या रसायनतज्ज्ञाने त्यातले ७७ नमुने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. कुठे खारेपणा थोडा जास्त, कुठे थोडा कमी. पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखंच! अटलांटिक असो की हिंदी महासागर. पृथ्वीवरचे महासागर एकमेकांत इतके मिसळत असतात, आणि हे क्षार पाण्यात इतका प्रदीर्घ काळ राहतात, की सगळ्या समुद्रांचं प्रमाण एकच झालेलं आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा असा आहे. समुद्राला एकच ठरलेलं सूत्र असेल, तर ते कागदावर लिहून कुठेही नेता येतं. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार: त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या थोडं वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट पावणेतीनच्या आसपास, मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या किंचित वर, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी साधारण ०.४ ग्रॅम, आणि मग बाकीचे सूक्ष्म घटक. हे प्रमाण जपलं की तयार होणारं पाणी मुख्य क्षारांच्या हिशेबात समुद्रच असतं, मग ते भरतीच्या रेषेवर असो नाही तर मेहकर तालुक्यात.

इथे मिठाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुष्कळांना वाटतं की किराणा दुकानातलं मीठ पाण्यात टाकलं की समुद्र झाला. ते मीठ समुद्रातूनच आलेलं असेल, तरी ते समुद्राचा एक तुकडा असतं. मिठागरात पाणी आटतं तेव्हा आधी चुना बसतो, मग जिप्सम, त्यानंतर आपलं मीठ. आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहून जातं, ते पाणी मिठागरवाले काढून टाकतात. म्हणजे समुद्र आटवून काढलेलं मीठ पुन्हा पाण्यात विरघळवलं तरी समुद्र परत येत नाही. टाकीसाठी लागणारं मीठ वेगळं मिळतं, सगळे घटक मोजून मिसळलेलं. ५०० लिटरच्या टाकीला ते १७-१८ किलो तरी लागतं.

किनाऱ्यापासून दूर समुद्र करण्याचा हा खटाटोप जुना आहे. १८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे जिवंत प्रवाळ लंडनला घरी नेले. पाण्यात हवा मिसळायला पंप नव्हते. घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीसमोर उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही, आणि प्रवाळ जगले. त्या मोलकरणीचे हात म्हणजेच त्या टाकीचा पंप होता, असं मी मानतो. पुढे १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड अशा चार क्षारांचं कृत्रिम समुद्रजल करून दाखवलं. आजच्या मिठाच्या बादल्यांचा पूर्वज तोच.

आपल्याकडे मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांनी समुद्री मासा काचेआड पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ मध्ये ते सुरू झालं. मुंबई पाहायला गेलेल्या विदर्भातल्या मुलांच्या यादीत राणीच्या बागेसोबत त्याचंही नाव असे. समुद्र तिथे रस्त्यापलीकडेच होता. इमारत धोकादायक ठरल्यावर ते बंद झालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या मुलाला घरी मासा ठेवता येणार नाही, त्यालाही तो जिवंत बघायला मिळायला हवा.

आता मासा आणि पाणी यांचं नातं बघू. समुद्रातला हाडांचा मासा आयुष्यभर तहानलेला असतो. त्याच्या रक्ताचा खारेपणा समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश. बाहेर जास्त मीठ, आत कमी. त्यामुळे कल्ल्यांतून, त्वचेतून त्याचं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला तो समुद्राचं पाणी पितो, आणि सोबत आलेलं जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर फेकतो. आपल्या पैनगंगेतल्या माशाचं नेमकं उलट: त्याच्या अंगात पाणी घुसत राहतं, म्हणून तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि भरपूर, पातळ लघवी करतो. एकाचं घर दुसऱ्याला प्राणघातक ठरतं ते या उलट्या यंत्रणेमुळे.

फुलपाखरू माशांचं कुळ सुमारे १३० जातींचं. बहुतेक सगळे प्रवाळांच्या आसऱ्याने राहणारे, तळहाताएवढे किंवा थोडे मोठे, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे. त्यामुळे प्रवाळाच्या दोन फांद्यांमधल्या चिंचोळ्या फटीतूनही ते अंग तिरकं करून सहज निघून जातात. तोंड पुढे आलेलं, चिमट्यासारखं, आत केसांसारखे बारीक दात. बहुतेकांच्या डोळ्यावरून एक काळा पट्टा जातो आणि खरा डोळा त्यात लपतो. काहींच्या अंगावर मागच्या बाजूला ठळक काळा ठिपका असतो, डोळ्यासारखा. शिकाऱ्याने डोकं कुठलं आणि शेपूट कुठली यात गफलत करावी, असा त्याचा उपयोग असावा असं पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि पाहणाऱ्यालाही क्षणभर तसंच होतं.

त्याचं बालपण तर त्याहून विलक्षण. मोठ्या माशांची अंडी प्रवाहात तरंगत निघून जातात. त्यांतून निघालेलं पिल्लू प्रवाळापासून दूर, उघड्या समुद्रात कित्येक आठवडे भटकतं, आणि त्या काळात त्याच्या डोक्यावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. चंदेरी, शिरस्त्राण घातलेलं ते पोर मोठ्या माशासारखं मुळीच दिसत नाही. मग एखाद्या रात्री ते प्रवाळाशी येतं, तळ धरतं, चिलखत विरतं आणि रंग चढतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. फुलपाखरू मासे आवाज करतात. हवाई विद्यापीठाचे टिमथी ट्रिकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आवाज ध्वनिमुद्रित केले: शेपटीचा फटकारा, अंगाचा झटका, आणि त्यातून पाण्यात उठणारे बारीक स्पंद. ते ऐकायची सोयही अंगातच आहे. कीटोडॉन प्रजातीच्या माशांमध्ये पोटातल्या हवेच्या पिशवीला पुढे दोन शिंगांसारखे फाटे फुटतात आणि ते डोक्याजवळच्या पार्श्वरेषेच्या नलिकेला जाऊन भिडतात. जॅकलिन वेब यांनी १९९० च्या दशकात ही रचना उलगडली. हवेची पिशवी आणि पाण्याचे धक्के जाणणारी रेषा अशी जोडलेली असणं ही या माशांची खासियत आहे. कदाचित म्हणूनच पुष्कळ जातींची जोडी वर्षानुवर्षं एकत्र राहू शकते, खोडकर शेजाऱ्यांना हटकू शकते, एकमेकांना अंधुक पाण्यात शोधू शकते. हे वाचल्यापासून टाकीच्या काचेवर बोटांनी टकटक करणारं मूल दिसलं की मी हळूच त्याचा हात धरतो. पंपाखाली रबराची गादी घालावी, तीही याच कारणाने.

घरच्या टाकीसाठी ज्या जातीचं नाव सर्वांत आधी घ्यावं, ती कीटोडॉन ऑरिगा. पांढरं अंग, त्यावर एकमेकांना काटकोनात मिळणाऱ्या तिरप्या रेघा, मागची बाजू पिवळीधमक, आणि मोठ्या माशाच्या पाठीच्या परातून मागे निघालेला एक लांब धागा. तांबड्या समुद्रापासून हवाईपर्यंत तो आढळतो. त्याला हे नाव देणारा पीटर फोर्स्कोल हा लिनिअसचा स्वीडिश शिष्य. १७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाकडे धाडलेल्या मोहिमेत तो होता. मासे टिकवायला त्याने वनस्पतीशास्त्रातली युक्ती वापरली: माशाच्या अर्ध्या अंगाची कातडी काढायची, आणि पानं दाबून ठेवतात तशी कागदावर दाबून वाळवायची. त्याचे ते कागदी मासे आजही कोपनहेगनच्या संग्रहालयात आहेत. १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने तो गेला. मोहिमेतले सोबतीही एकेक करून गेले. एकटा कार्स्टन नीबूर वाचला. तो मुंबईत उतरला, घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं आणि चित्रं केली, मायदेशी परतला आणि १७७५ मध्ये मित्राच्या टिपणांचं पुस्तक छापलं. ऑरिगाचं नाव जगापुढे आलं ते त्यात. तांबड्या समुद्रातल्या ऑरिगाला मागचा काळा ठिपका नसतो. आपल्या बाजूच्या समुद्रातल्याला असतो.

आता सर्वांत महत्त्वाचं, तोंडाचं. या कुळातल्या पुष्कळ जाती जिवंत प्रवाळच खातात. प्रवाळाचा प्रत्येक कोंब म्हणजे एक इवलासा प्राणी. हे मासे चिमट्यासारख्या तोंडाने तो खुडतात, दिवसभर, टोचामागून टोच. ट्रायफॅसिआटस, ट्रायफॅसिआलिस, मेयेरी, ऑर्नाटिसिमस या त्यातल्या देखण्या जाती. ट्रायफॅसिआलिसची आवड तर इतकी एकमार्गी की ॲक्रोपोरा नावाच्या प्रवाळाशिवाय त्याचं जवळजवळ भागत नाही. १९९८ मध्ये पाणी तापून हिंदी महासागरात ठिकठिकाणी प्रवाळ पांढरे पडले आणि मेले, तेव्हा अशा माशांची संख्याही मागोमाग घटली. म्हणूनच प्रवाळाची तब्येत बघायला अभ्यासक हे मासे मोजतात. टाकीत हे मासे येतात, सुंदर दिसतात, समोर तरंगणाऱ्या कोळंबीच्या तुकड्याकडे बघतात आणि खात नाहीत. त्यांच्या लेखी ते अन्नच नसतं. पाठ बारीक होत जाते, कपाळामागे खळगा पडतो, आणि काही आठवड्यांत सारं संपतं. पाणी कितीही चोख असलं तरी.

त्यांच्यासाठी जिवंत प्रवाळ ठेवावेत म्हटलं तर आपला कायदा आडवा येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये त्यात खडक बांधणारे प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री घोडे यांना संरक्षण मिळालं. जिवंत प्रवाळ विकत घेणं तर सोडाच, शोभेला वाळलेलं प्रवाळ ठेवणंही गुन्हा आहे. प्रवाळाचे अर्धा सेंटिमीटर वाढायला महिने लावणारे खडक आपल्याकडे थोडे आहेत. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पठार पृष्ठभागाखाली साधारण २० मीटरवर सुरू होतं, आणि तिथे स्वच्छ निळ्या पाण्यात प्रवाळ आहेत, फुलपाखरू मासे आहेत. महाराष्ट्राच्या नकाशात जमीन संपते तिथे महाराष्ट्राचं कुतूहल संपू नये, असं हे ठिकाण आहे.

तेव्हा घरच्या टाकीला प्रवाळ खाणाऱ्या जाती नकोत. ऑरिगा चालतो, कारण तो किडे, कोळंबीसारखे बारीक जीव, शेवाळ असं मिळेल ते खातो. निशाणासारखा लांब पांढरा तुरा असलेला हेनिओकस अक्युमिनेटस चालतो. पाण्यात वाहत येणारं टिपायची त्याला सवय असते. भारताच्या किनाऱ्यांवर दिसणारा, लालसर शेपटीचा कोलारेही बऱ्यापैकी रुळतो. लांब चोचीचा, तांबड्या पट्ट्यांचा चेल्मॉन सगळ्यांना मोहात पाडतो, पण तो हट्टी आहे. नव्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

टाकी भरल्यावर मासा लगेच आणायचा नाही. ही वाट बघणं सर्वांत अवघड, आणि तरी मला सर्वांत सुंदर वाटतं, कारण या काळात टाकीत काहीच दिसत नसताना सगळं घडत असतं. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया निघतो आणि तो विषारी. सच्छिद्र खडकांवर, वाळूवर काही जीवाणू वसतात; एक जमात अमोनियाचा नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचा नायट्रेट. नायट्राइटही घातक, नायट्रेट बराच सुसह्य. या दोन्ही वसाहती पुरेशा वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर चिमूटभर अमोनिया किंवा कुजणारा कोळंबीचा तुकडा टाकून त्यांना जेवू घालायचं आणि तपासणीच्या थेंबांनी रंग बघत राहायचं. एका संध्याकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्या दिवशी ते पाणी जिवंत झालेलं असतं.

पाण्याचा आणखी एक सोबती म्हणजे प्रोटीन स्किमर. एका नळकांड्यात लाखो बारीक बुडबुडे सोडायचे. माशांची घाण, श्लेष्मा, उरलेल्या अन्नातली प्रथिनं बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसासोबत वरच्या पेल्यात जमतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक आणि टिकाऊ होतात, म्हणून ही युक्ती इथे फळते. किनाऱ्यावर वादळानंतर दिसणारा फेस हाच.

टाकीत टाकायचं गोडं पाणी मात्र बोअरवेलचं नको. त्यात आपल्या खडकांचे, शेतातल्या खतांचे क्षार आधीच असतात. मोजून केलेलं समुद्राचं सूत्र त्याने बिघडतं. आरओतून गाळलेलं पाणी घ्यायचं, मग मीठ. आणि मे महिन्यात, जेव्हा विदर्भाचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा लोणार आठवायचं. टाकीतून रोज पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. आटलेलं पाणी भरताना मिठाचं पाणी घातलं तर टाकी हळूहळू लोणारच्या वाटेने जाते. म्हणून रोजची भर फक्त गाळलेल्या गोड्या पाण्याची. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राहिलं पाहिजे; ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो.

उन्हाळ्याचा दुसरा धोका श्वासाचा आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना समुद्राच्या एका लिटरमध्ये पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना सव्वासहाच्या जवळ; आणि तापलेल्या पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायला चिलर लागतो, निदान पृष्ठभागावर वारा टाकणारे पंखे. जानेफळसारख्या गावात विजेचा भरवसा धरून बसता येत नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवाच, कारण वीज गेली की पाणी थांबतं, आणि ५०० लिटर पाणी स्थिर असताना माशाच्या हाती थोडेच तास असतात. ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांनी टाकी घेऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो.

मासा येतो तो मुंबईहून किंवा चेन्नईहून, प्राणवायू भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात. त्या पिशवीत रसायनशास्त्राचा एक नाजूक खेळ चाललेला असतो. मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याने पाण्याचा सामू उतरतो. त्याच वेळी अमोनियाही साठतो, पण सामू उतरलेला असल्यामुळे त्यातला बहुतेक अमोनियम या निरुपद्रवी रूपात राहतो. म्हणजे माशाचाच श्वास त्याला त्याच्याच घाणीपासून वाचवत असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो. ७ वरून ८.२ वर गेला तर विषारी अमोनियाचं प्रमाण दहा पटींहून अधिक वाढतं. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसू नये. बंद पिशवी आधी विलगीकरणाच्या टाकीच्या, म्हणजे नव्या माशाला सुरुवातीला वेगळं ठेवायच्या टाकीच्या, पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावं, तिचा खारेपणा आधीच पिशवीइतका करून ठेवावा, आणि उघडताच मासा लगेच सोडावा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये.

विलगीकरणाची वेगळी टाकी हवीच, निदान चार आठवड्यांची. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी माशाच्या अंगावर मिठाचे कण पेरल्यासारखे पांढरे ठिपके उठवतो, आणि फुलपाखरू मासे त्याला लवकर बळी पडतात. तांब्याची औषधं त्यांना सोसतीलच असं नाही. अशा वेळी रक्ताच्या खारेपणाची ती गोष्ट कामी येते. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व हळूहळू १.००९ पर्यंत उतरवलं की ते माशाच्या रक्ताच्या जवळ येतं. मासा ते झेलतो, त्याचं पाणी पिण्याचं आणि मीठ फेकण्याचं कष्टाचं काम हलकं होतं. परजीवीला मात्र ती यंत्रणा नाही, त्याच्यात पाणी घुसतं आणि तो फुटतो. हे काही आठवडे पाळावं लागतं, आणि खारेपणा परत वाढवताना दुप्पट सबुरी लागते.

मग अन्न. समुद्रात हा मासा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चरतो, त्यामुळे दिवसातून एकदा मूठभर टाकून चालत नाही. तीन-चार वेळा थोडं थोडं. नव्या माशाने तोंड लावलं नाही तर गोठवलेली कोळंबी किंवा शिंपल्याचं मांस बारीक वाटून ते सच्छिद्र खडकाच्या भोकांत दाबून बसवायचं. त्याचं तोंड भोकांत शिरायला घडलेलं आहे. वरून पडणाऱ्या तुकड्यापेक्षा फटीत लपलेला तुकडा त्याला अन्नासारखा वाटतो. कधी तिसऱ्या दिवशी, कधी सातव्या, तो खडकाशी येतो, डोकं तिरकं करतो, एक टोच मारतो. टाकीत दुसरे आक्रमक मासे असतील तर तो क्षण येतच नाही, म्हणून त्याला आधी एकटं ठेवावं.

यातला बहुतेक मासा कुठल्या तरी प्रवाळावरून पकडून आणलेला असतो, हे विसरता येत नाही. नवी मुंबईत ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात विदूषक मासे पैदास करून वाढवले जातात आणि किनाऱ्यावरच्या बचतगटांपर्यंत पोचवले जातात. विदूषक मासा खडकावर अंडी चिकटवतो, नर ती राखतो, आणि पिल्लं दहा-बारा दिवसांत सावरतात. त्यामुळे ते जमतं. फुलपाखरू माशाची अंडी तरंगत जाणारी आणि पिल्लाला कित्येक आठवडे उघडा समुद्र लागणारा. जगभरात मोजक्याच जाती अंड्यापासून वाढवणं साधलं आहे. म्हणून घरी आणायचा असेल तर एकच आणावा, आणि दुकानदाराकडे एकच आग्रह धरावा: पैसे देण्याआधी त्याने तो मासा आपल्यासमोर खाताना दाखवावा. खाल्लं नाही, तर मासा तिथेच राहू द्यावा आणि जानेफळची टाकी आणखी महिनाभर रिकामी ठेवावी.